एका चादरीचा प्रवेश

"बाई, तुम्ही आमच्यावर रागावता ते खरं असतं, की तोही अभिनयच?"

मागच्या बाकावरच्या दोघींनी झटकन माना खाली घातल्या. पैज त्यांचीच होती. भिंगरीने हे विचारलं, तर आठवडाभर तिचं दप्तर त्या वाहणार. भिंगरी हे तिचं घरचं नाव. वर्षभरापूर्वी ती हजेरीला 'हजर' म्हणतानासुद्धा अडखळायची. आता तिला गप्प कसं करायचं, हाच घरातला आणि शाळेतला मोठा प्रश्न होता.

नाटकाच्या बाई रागावल्या नाहीत. हातावरचा खडू झटकत त्यांनी जरा विचार केला आणि म्हणाल्या, मलाही कधीकधी कळत नाही गं. शनिवारी माझ्याबरोबर चल, मी नाटक करायला जाते तिथल्या बायकांना विचारू.

दप्तराचं ओझं उतरलं, पण डोक्यातलं कुठे उतरतंय? पुढच्या वर्षीच्या विषयांचा फॉर्म सोमवारी द्यायचा होता. नाटक किंवा यंत्रकाम, दोन्हींतून एकच. बाबांनी यंत्रकामासमोर खूण करून ठेवली होती, तीही पेनाने. फक्त भिंगरीची सही बाकी होती. बाबा लिफ्टदुरुस्तीचं काम करायचे. बंद दाराला कान लावला की आत काय बिघडलंय ते सांगायचे. तिने नाटकाचं नाव काढलं की मात्र दोनच शब्द बोलायचे, "आणि मग?" आई चष्म्याच्या दुकानात कामाला. ती म्हणायची, तुम्हा बापलेकींचा नंबर एकच, समोरचं सोडून सगळं दिसतं.

शनिवारी बाई तिला एका रुग्णालयाच्या तळघरात घेऊन गेल्या. तिथे लाँड्री होती. छताजवळच्या लांबट खिडक्यांतून ऊन उतरत होतं आणि वाफेत विरघळत होतं. दोऱ्यांवर चादरीच चादरी, जणू कुणी ढग धुऊन वाळत घातलेत. माणसं आधी आवाजाने यायची, मग सावलीने, आणि अगदी शेवटी चेहऱ्याने. भिंगरीला वाटलं, आपण जागेपणीच कुणाच्या तरी स्वप्नात शिरलोय आणि तिथे सगळ्यांनी ॲप्रन घातलेत.

बाईंकडे एक जाड वही होती. त्या बसडेपोत जायच्या, तुरुंगात जायच्या, कर्णबधिर मुलांच्या शाळेत जायच्या, आणि प्रत्येक ठिकाणी नाटक कसं बदलतं ते लिहून ठेवायच्या. डेपोतले ड्रायव्हर जागेवरून न उठता सगळं नाटक करतात म्हणे. त्या मुलांच्या शाळेत संवाद बोटांवर असतात. आणि इथे, घड्या घालता घालता. जेवणाची सुट्टी अर्ध्या तासाची. दहा मिनिटं डबा, वीस मिनिटं नाटक.

नियम दोनच होते. ज्याच्याबद्दल तक्रार असेल, त्याचं सोंग आपण घ्यायचं. आणि प्रवेश एका चादरीपुरताच. दोघींनी दोन-दोन टोकं धरून लांब उभं राहायचं, प्रत्येक बोलण्याला एक घडी, एक पाऊल पुढे. चादर संपली की प्रवेश संपला. हात रिकामे असले की माणूस थापा मारतो, असं तिथल्या सगळ्यांत जुन्या बाईचं मत होतं. तिला सगळ्या मोठी ताई म्हणायच्या.

भिंगरीने तक्रार सांगितली, आणि मोठ्या ताईने तिच्या हातात चादरीची दोन टोकं दिली. तू बाबा हो, मी तू होते.

भिंगरी खुशीत आली. बाबांची नक्कल तर तिच्या हातचा मळ. तिने कानामागे पेन्सिल असल्याचा आव आणला, खांदा वाकडा केला, घसा खाकरला. बायका खो-खो हसल्या.

"बाबा, मला नाटक शिकायचंय," मोठी ताई म्हणाली. पन्नाशीतल्या त्या आवाजात कुठून तरी पंधरा वर्षांची मुलगी आली होती.

"आणि मग?" घडी. पाऊल.

"मग काय ते माहीत नाही."

घडी. पाऊल. भिंगरीने बाबांसारखी मान कलती केली, दाराला कान लावतात तशी. आणि हसूच ओसरलं. ती पाच वर्षांची असताना बाबांबरोबर एकदा कामावर गेली होती. दोन मजल्यांच्या मध्ये लिफ्ट अडकली होती, आत कुणी रडत होतं. बाबा तासभर दारापाशी बसून त्या न दिसणाऱ्या माणसाशी गप्पा मारत होते. घरी येऊन जेवलेच नव्हते.

"तू तिथे अडकलीस," तिच्या तोंडून आलं, "तर मी कुठल्या दाराशी बसू? तुझ्या त्या नाटकाला दार कुठे असतं, तेच मला ठाऊक नाही."

हे ती ठरवून बोलली नव्हती. चादर उशीएवढी झाली होती आणि मोठ्या ताईचे गरम हात तिच्या हातांना टेकले होते.

मग तिला पैजेचा प्रश्न आठवला. आत्ताचं हे खरं होतं की अभिनय, तिने विचारलं.

"घडी नीट बसली ना," मोठी ताई म्हणाली आणि चादर गठ्ठ्यावर ठेवली. "मग झालं तर."

बाईंकडून भिंगरीने कोरा फॉर्म मागून घेतला.

संध्याकाळी तिने घरच्या दोरीवरची चादर काढली आणि बाबांना दोन टोकं धरायला लावली. हे काय नवीन, म्हणत त्यांनी धरली. आई दाराला टेकून बघत राहिली.

"मी नाटक घेतेय," भिंगरी म्हणाली. घडी. पाऊल.

"आणि मग?"

"मग काय ते अजून माहीत नाही." घडी. पाऊल. बाबांची मान नकळत कलती झाली होती. ते ऐकत होते.

"फॉर्म नवा आणलाय, सही केलीय, आणि ती मी खोडणार नाही. अडकले तर आतून हाक मारीन. पण दार कुठे असतं ते बघायला पुढच्या शनिवारी तुम्ही दोघांनी माझ्याबरोबर यायचंय. डबे घेऊन."