हेलपाटेबाई

"स्वयंपाक येतो का त्यांना?" पालिकेच्या साहेबांनी विचारलं.

"येतो म्हणजे?" मी खुर्चीत पुढे सरकलो. "एकदा दोनशे माणसांचं जेवण माझ्या धाकट्या भावानं एकट्यानं रांधलं. वाढायलाही तोच. जेवलेली माणसं अजून ढेकर देतायत."

साहेब लिहून घेऊ लागले. मनोरुग्णालयाचे डॉक्टर छताकडे बघू लागले. आणि हेलपाटेबाईंनी माझी बाही धरली. "काका, जरा बाहेर या."

हेलपाटेबाई हे नाव मी ठेवलेलं. हुद्दा म्हणाल तर समन्वयक. काम एकच, रुग्णालय आणि पालिका यांच्यात येरझारा घालायच्या. दोन्ही इमारतींमधला रस्ता त्यांच्या चपलांनी वीतभर खचलाय. खोटं वाटत असेल तर पट्टी घेऊन या, माझी मी देणार नाही.

धाकटा अकरा वर्षं वॉर्डात. बरा होऊनही त्यातली दोन गेली. रुग्णालय म्हणे, राहायला खोली मिळाली की सोडतो. पालिका म्हणे, सोडल्याचा कागद आणा, मग खोली देतो. माझ्याकडे न्यावं, तर मीच लेकीच्या घरात एका कॉटचा धनी. बाईंनी सात महिने तंगडतोड केली, तेव्हा कुठे आज दोघं एका टेबलाशी बसले होते. रिकामी खोली एकच. आज ठरलं नाही, तर ती दुसऱ्याला जाणार होती.

"आता खरं सांगा," बाहेर आल्यावर बाई म्हणाल्या.

"खरं सांगितलं तर खोली जाईल हो."

"आणि खोटं सांगून मिळाली, तर चौथ्या दिवशी तो गॅसपाशी एकटा असेल. तेव्हा तुमचे दोनशे जेवणारे येणारेत का धावत?"

आयुष्यात माझी बोलती तीनदा बंद झालीय. दोनदा बायकोनं केली. ही तिसरी.

आत जाऊन मी सांगून टाकलं, कसलीही फोडणी न घालता. धाकटा ज्योतीला घाबरतो. पेटलेलं काही दिसलं की त्यावर पाणी ओततो. साधा चहा करत नाही. दिवसभर रेडिओतल्या निवेदकाशी भांडतो, पण भांडतोय तोवर तब्येत ठणठणीत. रेडिओ बंद करून भिंतीकडे तोंड करून बसला, की बिघडायला लागलं समजायचं.

साहेबांनी फाइल मिटली. "मग एकटे राहणार कसे? जेवणखाण, देखरेख... हे पालिकेचं काम नाही."

"रुग्णालयाचंही नाही," डॉक्टर म्हणाले.

"अर्धं अर्धं आहे," बाई म्हणाल्या. "खोलीतली शेगडी काढून टाका. दोन वेळचा डबा पालिकेचा, नाहीतरी त्याच इमारतीत तुम्ही तिघांना देताच. आठवड्याला औषध घेऊन सिस्टर येईल, ती रुग्णालयाची. आणि रेडिओ बंद दिसला, की डबा आणणाऱ्या बाईनं सिस्टरला फोन करायचा. नंबर मी स्वतः चिकटवते."

"हे रेडिओचं केसपेपरात कुठेच नाही," डॉक्टर पुटपुटले.

"भावाला कुणी विचारलं नव्हतं ना."

साहेब बराच वेळ पेनाचं टोपण काढत-घालत बसले. शेवटी म्हणाले, "करा कागद."

मग वरची सही कोणाची, यावर पाव तास गेला. बाईंनी मुकाट्यानं दोन प्रती काढल्या. एकीत साहेब वर, दुसरीत डॉक्टर. दोघांच्याही मिशा वर!

जिन्यात मी बाईंना हात जोडले. "चौकात तुमचा पुतळा उभारतो बघा."

"पुतळ्याला चालता येत नाही, काका. मला अजून चार जणांना बाहेर काढायचंय." आणि गेल्यासुद्धा. माझे आभार तसेच तोंडात राहिले. रोज थोडे थोडे मानतोय, अजून संपले नाहीत. ही थाप नव्हे.

पहिल्या रविवारी धाकट्याकडे गेलो. सवयीनं दार ढकललं, तर उघडेना. वॉर्डाच्या दारांना आतून कडी नसते. अकरा वर्षं कुणीही यावं, ढकलावं, आत शिरावं. मी टकटक केली.

"कोण आहे?"

"मी रे. दादा."

"थांब जरा. शर्ट घालतोय."

मी चपला काढल्या, केस सारखे केले आणि पायपुसण्यावर पाहुण्यासारखा उभा राहिलो.