नोमुराचा मुलगा

विमानतळाच्या दारात अनांदे उभी होती ती एका पांढऱ्या टोपीची वाट बघत. सतरा वर्षं जपानहून कॉफी घ्यायला येणारा नोमुरा ती टोपी घालूनच बाहेर पडायचा आणि लांबूनच मोडक्यातोडक्या स्वाहिलीत ओरडायचा, "अनांदे, म्हातारा आहे का अजून?" म्हातारा म्हणजे तिचे वडील, एलियाकिमु. मागची दोन वर्षं मात्र तो फिरकला नव्हता. यंदा गावच्या कॉफी सोसायटीला मेल आला, नोमुरा येत आहेत. सोसायटीची चिटणीस अनांदेच. तिने तो वाचला आणि घरी जाऊन सांगितलं.

टोपी आली नाही. तिशीतला एक सडपातळ माणूस समोर येऊन कमरेत वाकला.

"मी शुहेइ नोमुरा," तो इंग्रजीत म्हणाला.

"आणि बाबा?"

तो गोंधळला. "ते मार्चमध्ये गेले. आमच्या कॉफीच्या दुकानातून कळवलं नाही तुम्हाला?"

अनांदेने त्याच्या हातातली बॅग घेतली. काहीतरी धरायला हवं होतं तिला.

पिकअप तीच चालवत होती. डोंगराच्या पायथ्याचं मोशी शहर मागे पडलं आणि तिच्या उरू गावाचा चढ सुरू झाला. दोन्ही अंगांनी केळी, केळीखाली कॉफी. शुहेइने काच खाली केली, मग पुन्हा वर केली.

"मला वाटलं होतं, उन्हाने करपलेला देश असेल. इथे तर नुसतं हिरवं. आणि गारवा! मी स्वेटरसुद्धा आणला नाही."

"बाबांनी सांगितलं नाही?"

"ते घरी बोलत नसत."

अनांदेला आधी वाटलं, चेष्टा करतोय. नोमुरा आणि न बोलणारा? "हा स्वाहिली बोलत नाही, तिचे हातपाय मोडतो," असं एलियाकिमु म्हणायचे. तरी दोघे परसात बसले की दिवस मावळेपर्यंत तोंड मिटत नसत.

"जेवणाची काळजी करू नकोस," ती म्हणाली. "मासे नाहीत आमच्याकडे."

त्याने चमकून बघितलं. "मी मासे खात नाही, हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"पाच वर्षांचा असताना काटा अडकला होता ना घशात? दवाखान्यात तुझ्याआधी तुझे बाबाच रडले होते म्हणे. सायकलवरून पडलास तेव्हा कुठला दात तुटला, तेही सांगू?"

त्याचा हात नकळत ओठांवर गेला. मग तो हळूच म्हणाला, "मला तर तुमचं नावसुद्धा माहीत नव्हतं."

ते तिला लागलं. सतरा वर्षं आमच्या घरी जेवला आणि आपल्या घरी आमचं नाव काढलं नाही? पण आता भांडायचं तरी कुणाशी? आणि वर घरी सकाळीच बोकड कापून झाला होता. म्हाताऱ्याला काय सांगायचं, हे ठरायच्या आत चढ संपला.

एलियाकिमु अंगणातच होते. नजर अधू झालेली. त्यांनी चाल ओळखली.

"आला! आला चोर!" काठी टाकून त्यांनी शुहेइचा चेहरा दोन्ही हातांत धरला. "एवढा वाळलास? बायको जेवायला घालत नाही का? दोन वर्षं, मेल्या! इथे बसून किती शिव्या घातल्या तुला, कान नाही गरम झाले?"

शुहेइला त्या स्वाहिलीतलं अक्षर कळत नव्हतं. तो तसाच उभा राहिला.

"बाबा, हा त्यांचा मुलगा," अनांदे म्हणाली.

"मुलगा? मग तो कुठे राहिला? गाडीत? गुडघे धरलेत वाटतं."

तिने पुढचं घरच्या चागा बोलीत सांगितलं. स्वाहिलीत तिच्याच्याने ते झालं नसतं.

म्हाताऱ्याचे हात मुलाच्या गालांवर तसेच राहिले. "कोणता महिना?"

"मार्च."

"मार्चमध्ये तर मी..."

पुढचं अनांदेला ठाऊक होतं. मार्चमध्ये चार माणसांसमोर ते म्हणाले होते, त्या जपान्याने आपल्याला टाकलं. आता आला तरी दारात उभा करणार नाही.

एलियाकिमु कुंपणापाशी गेले. चाचपून त्यांनी इसालेच्या झुडपाचं एक लांब पान तोडलं, त्याला गाठ मारली आणि ते शुहेइपुढे धरलं.

"मी काय करायचं?" त्याने अनांदेला विचारलं.

"गाठ मारलेलं हे पान म्हणजे माफी. तुझ्या वडिलांना ते बरंच वाईटसाईट बोललेत. आता कुणाकडे मागणार? तू घेतलंस की झालं."

त्याने मान खाली घालून दोन्ही हातांनी पान घेतलं.

"याचा बाप काय हसायचा!" म्हातारा म्हणाला. "खालच्या ओढ्यापर्यंत ऐकू जायचं."

अनांदेने ते सांगितलं तेव्हा शुहेइने पुन्हा सांगायला लावलं. "हसायचे? मोठ्याने?" तो आठवत राहिला. "नववर्षाच्या दिवशी एकदा हसले होते, बहुतेक." आणि मग त्याला रडू फुटलं. म्हाताऱ्याने त्याला शेजारी बसवून घेतलं. त्या दिवशी कॉफीचा विषय कुणी काढला नाही. बोकडाचं मटण शिजलं, सगळ्यांनी थोडं थोडं खाल्लं.

पुढचे दोन दिवस शुहेइने कॉफी चाखली, पोती निवडली. तिसऱ्या दिवशी विमानतळावर त्याने अनांदेला थांबवलं.

"खरं म्हणजे मी एक सांगायला आलो होतो. या हिवाळ्यात दुकान बंद होतंय. ही शेवटची खरेदी. पहिल्या दिवशी तोंड उघडलं नाही माझं. आजोबांना तुम्ही सांगाल?"

"सांगेन," ती म्हणाली. "आज नाही."

तो 'आज' चार महिने लांबला. फेब्रुवारीत दुकान बंद झाल्याचं पत्र आलं, तेव्हा तिने वडिलांना सांगून टाकलं. एलियाकिमु ऊन खात बसले होते.

"दुकान काय, बंद झालं तर झालं," ते म्हणाले. थोड्या वेळाने विचारलं, "तो पोरगा एकटाच जेवत असेल का गं?"

अनांदेला त्याचा तुटलेला दातसुद्धा माहीत होता, हे माहीत नव्हतं.