सिस्टरबाईंचे पाय

"इंजेक्शन कुणाच्या हुकुमावरून दिलं?"

जिल्ह्याहून आलेल्या साहेबांनी आरोग्य उपकेंद्राच्या ओसरीत विचारलं. समोर नर्स कस्तुराबाई उभ्या. शेजारच्या खुर्चीत तक्रार करणारे सरपंच, तात्यासाहेब.

"बाळंतिणीचं रक्त थांबंना, साहेब. विद्यापीठाच्या नामांतरावरून सगळीकडं पेटलेलं, गंगापूरची वाट बंद. डॉक्टर कुठून आणू?"

"नियमात नर्सला तो अधिकार नाही."

"ह्याच इंजेक्शनानं तात्यासाहेबांची सून वाचली. तवाबी डॉक्टर नव्हते. तवा मला साडीचोळी केली ह्यांनी!"

तात्यासाहेब खाकरले. "ती गोष्ट येगळी, बाई."

"येगळी कशी? रक्त येगळं व्हतं का? सरळ सांगा ना, बौद्धवाड्यातल्या पुंजारामची बायको व्हती म्हणून झोंबलं. गावानं त्यांच्या वस्तीवर बहिष्कार घातला अन् मी पेटी घेऊन तिकडं गेले. इंजेक्शनाचं नुस्तं निमित्त!"

साहेबांनी चष्मा पुसला. "बाई, कायदा जुना आहे, मान्य. बदलायचं चाललंय वरती. तोवर चूक झाली म्हणा, माफी मागा. नाहीतर नोंदणी जाईल. मग नर्स म्हणून कुठंच काम करता यायचं नाही."

कस्तुराबाईंनी कमरेची किल्ली सोडली. मेंढरांमागं हिंडणाऱ्या घरातली ती पहिली नोंदणी.

"आई जगली, लेकरू जगलं. ह्यात चूक कुठली ती दावा, मग मागते माफी."

औषधांच्या पेटीची किल्ली टेबलावर आपटून त्या तडक विठोबाच्या देवळात गेल्या. काल्याचं कीर्तन रंगात आलं होतं. एरवी महाराजांनी चाल धरली, मृदंग घुमला, की त्यांचा सारा शिणवटा उतरून जायचा. आज महाराज सांगत होते, पांडुरंगानं कधी कुणाची जात विचारली नाही; आणि मागून येऊन पुढं बसलेले तात्यासाहेब डोळे मिटून मान डोलावत होते. कस्तुराबाईंची टाळी जागच्या जागी थांबली.

कीर्तन संपलं. रिवाजाप्रमाणे लहानथोर एकमेकांच्या पाया पडू लागले. तात्यासाहेबही वाकत वाकत पुढं सरकले आणि साऱ्या गावादेखत कस्तुराबाईंपुढं वाकले.

त्यांनी पाय मागं घेतले.

"हे पाय वस्तीवर जाऊन आलेत, तात्यासाहेब. आत्ता परत निघालेत."

सरपंचांचा हात रिकाम्या फरशीवर टेकलेला राहिला.

कस्तुराबाईंनी द्रोणात काला घेतला, वर पदर टाकला आणि बाळंतिणीकडं चालू लागल्या. दुसरा हात पेटीवाचून मोकळा होता. त्याचं काय करावं, ते त्यांना वाटभर कळेना.