कोऱ्या पाठीची बंडी

“‘पुढच्या वेळी’ असं म्हणू नकोस, हेल्का. बँड म्हणजे काही बस नव्हे, एक चुकली तर दुसरी येईल म्हणायला.”

दाराशी बुटाच्या नाड्या बांधता बांधता यात्ता असं म्हणाली होती. हेल्काने पुस्तकातून मानही वर केली नाही. “जा गं बाई तू. माझी उद्या प्रवेश परीक्षा आहे. पुढच्या वर्षी येतीलच की ते.” मी तेव्हा हेल्काच्या खुर्चीच्या पाठीवर टाकलेली होते. त्यामुळे मला दोघी मैत्रिणींचं बोलणं स्पष्ट ऐकू आलं.

मित्रांनो, मी एक जुनी बंडी आहे. जाड निळ्या जीनच्या कापडाची, बिनबाह्यांची. आमचं गाव ओउलू, फिनलंडच्या उत्तरेकडचं बंदर. जन्मले तेव्हा मी अख्खं जाकीट होते. शाळेत असताना हेल्काने मला जुन्या बाजारातून आणलं आणि घरी येताच कात्रीने माझ्या बाह्या कापून टाकल्या. दुखलं का म्हणाल, तर थोडं दुखलं. पण पुढे कळलं की दणदणीत रॉकवर जीव टाकणाऱ्या इथल्या पोरापोरींमध्ये अशी बंडी होणं हा केवढा मान असतो.

आमच्या जगात दोन कायदे आहेत. पहिला म्हणजे, बंडी धुवायची नाही. वास यायला लागला की भर हिवाळ्यात बाल्कनीत टांगून ठेवायची. घाम, धूर, सांडलेली बिअर, सगळं ती गोठलेली हवा खाऊन टाकते. दुसरा कायदा त्याहून कडक. ज्या बँडला आपण समोर उभं राहून ऐकलंय, त्याचाच कापडी बिल्ला बंडीवर शिवायचा. न पाहिलेल्या बँडचा बिल्ला मिरवणाऱ्याला सगळे हसतात. हे बिल्ले शिवायचे तेही दातांच्या फटी साफ करायच्या, पुदिन्याचा वास असलेल्या दोऱ्याने, कारण तो तुटता तुटत नाही. म्हणून पावसात भिजले की माझ्या अंगाला अजून पुदिन्याचा वास येतो.

माझी छाती आणि खिसे हळूहळू भरत गेले. एकेका बिल्ल्यामागे एकेक चिखलाचं मैदान, एकेक बसलेला घसा आहे. पाठ मात्र हेल्काने कोरी ठेवली होती. ती जागा ‘रौताकोर्प्पी’साठी राखून ठेवलेली होती. चार जणांचा हा बँड आणखी उत्तरेकडच्या एका खेड्यातला. हेल्का शाळेत एकटी पडली होती, तेव्हा त्यांचीच गाणी कानात घालून ती बर्फातून घरी यायची. मीही तिच्याबरोबर ती सगळी पाठ केली.

त्या परीक्षेच्या आदल्या दिवशी ते आमच्या गावात येऊन गेले. यात्ता दुसऱ्या दिवशी दुपारी आली. तिचा आवाज पार गेला होता, चेहरा मात्र दिव्यासारखा झाला होता. तिने दोन बिल्ले आणले होते, मोठे, काळे, त्यावर हिमाने पांढरा पडलेला डोमकावळा. एक तिच्या बंडीवर चढला. दुसरा तिने माझ्या आतल्या खिशात कोंबला. “पाहिल्याशिवाय शिवलास तर तुझी-माझी मैत्री संपली, सांगून ठेवते.”

हेल्का परीक्षेत पास झाली. पण शरद ऋतूत बातमी आली की गायकाच्या घशाने दगा दिला आणि बँड थांबला.

मग वर्षं गेली. हेल्काचं शिक्षण झालं, लग्न झालं. इतर मैदानांवर लोक माझ्याकडे पाहून विचारायचे, “अगं, पाठीला काय झालं? पैसे संपले का कापड संपलं?” हेल्का हसायची. माझी पाठ मात्र दुखायची. यात्ता नर्स होऊन दूर रोव्हानिएमी शहरात गेली. तिचे निरोप आधी रोज येत, मग सणासुदीला येऊ लागले.

पुढे छोटी उन्ना जन्मली. हेल्काचा नवरा सामुली जहाजावर, आठवडेच्या आठवडे घराबाहेर. आमच्याकडे बाळांना थंडीत बाहेर बाबागाडीत झोपवतात, गाढ झोप लागते म्हणून. उन्ना बाल्कनीत झोपायची आणि हेल्का काचेच्या दाराला नाक लावून उभी राहायची. दुलईतून वाफेचा इवलासा ढग वर आला की ती श्वास सोडायची. मग पुढच्या ढगाची वाट पाहायची. बर्फ वितळला, वाफ दिसेनाशी झाली, तेव्हा तर ती दर थोड्या वेळाने बाहेर जाऊन बाळाच्या नाकाखाली बोट धरू लागली. दुकानात जाणंही तिने सोडलं. मी दारामागच्या खुंटीवरून हे सगळं पाहत होते. मला तिला काही सांगता येत नव्हतं, याचंच वाईट वाटायचं.

अशातच वसंतात ती बातमी आली. गायकाचा घसा बरा झाला होता. रौताकोर्प्पी परत येणार, या उन्हाळ्यात, आमच्याच बंदरावर! यात्ताचा निरोप लगेच आला, “दोन तिकिटं काढते, हो म्हण!” हेल्काने उत्तर लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. शेवटी फोन पालथा ठेवून ती रिकाम्या खोलीला म्हणाली, “पुढच्या वेळी.”

तिची आई केर्त्तू घरी आली, तेव्हा हेल्काने मला पिशवीत घालून तिच्या हाती दिलं. “तुझ्या तळघरात ठेव, आई. आता कुठे घालणार मी.”

केर्त्तू इस्पितळातली शिवणकाम करणारी, आता निवृत्त झालेली. तिने मला तळघरात नाही नेलं. सरळ धुण्याच्या मशिनकडे नेलं! मित्रांनो, त्या यंत्राचं गोल तोंड मी इतक्या जवळून कधीच पाहिलं नव्हतं. पण आत ढकलण्याआधी तिने सवयीने खिसे चाचपले आणि तिच्या हाती तो बिल्ला लागला. तिने तो दिव्याखाली धरला, मला उलटं करून माझी कोरी पाठ पाहिली, आणि हळहळून म्हणाली, “बिचारीला हे शिवायलाही वेळ मिळाला नाही.”

मग काय, धुणं राहिलं बाजूला. केर्त्तू सुईदोरा घेऊन बसली. इतके बारीक, इतके सरळ टाके माझ्या अंगाला कधी लागले नव्हते. पाठ भरली होती, पण दुसरा कायदा मोडला होता.

दुसऱ्या दिवशी तिने मला हेल्कापुढे पसरलं. “बघ, पूर्ण करून आणलीय.”

हेल्काचा चेहरा पांढरा पडला. “आई! हे काय केलंस? अगं, मी त्यांना पाहिलेलंच नाही! हे खोटं आहे. उसव ते, आत्ताच्या आत्ता उसव.”

केर्त्तूला आधी काही समजेना. हेल्काने दुसरा कायदा समजावून सांगितला, सांगता सांगता रडली, आणि मग नुसतीच रडत राहिली. केर्त्तूने कॉफी ओतली. एक कप हेल्कापुढे सरकवला.

“जन्मभर मी पडदे नि चादरी शिवल्या,” ती म्हणाली. “घातलेला टाका मी उसवत नाही.”

“मग मी काय करू?”

“जा आणि खरं करून ये.”

“आणि उन्ना? तिला काही झालं तर?”

“तुला बर्फात झोपवून मी आत बटाटे सोलत होते. आहेस ना अजून, माझ्यावर ओरडायला?”

हेल्काला रडता रडता हसू आलं. केर्त्तू उठून बाहेरच्या खोलीत गेली. तिचा आवाज मला ऐकू आला. “यात्ता? मी केर्त्तूकाकू. आमची पोरगी बाल्कनीच्या दारापासून हलत नाही गं. ये.” एवढंच बोलून तिने फोन ठेवला.

कार्यक्रमाच्या दिवशी यात्ता दारात उभी. “जिवंत आहेस तर! उत्तर द्यायला बोटं झडली होती का?” तिने हेल्काला घट्ट मिठी मारली आणि तिचा हात माझ्या पाठीवर पडला. ती दचकून मागे झाली. “शिवलास? पाहायच्या आधी?”

“आईने शिवलाय.”

यात्ता हसत हसत बुटांच्या ढिगावरच बसली. “काकूंचे टाके! मग आता तुला यावंच लागणार. आज नाही आलीस, तर कायदा मोडला म्हणून तुला आणि काकूंना, दोघींनाही तुरुंगात टाकीन!”

इथे उन्हाळ्यात संध्याकाळ संपतच नाही. बंदरावर सोनेरी ऊन पडलं होतं. कुंपणाबाहेरच्या गवतावर लोक चादरी अंथरून फुकट ऐकायला बसले होते. त्यांच्यात केर्त्तू होती, थर्मास, दालचिनीचे बन आणि बाबागाडी घेऊन. उन्नाच्या कानांवर तिच्या डोक्याहून मोठी आवाजरोधक झाकणं होती. आतून हेल्का सारखी मागे वळून कुंपणाकडे पाहत होती. बाळ झाल्यापासून तिचे खांदे कानांना लागलेले. मला दुसरं कुणी सांगायला नको, मी त्याच खांद्यांवर असते.

मग ते चौघे आले. गायकाची दाढी पांढरी झाली होती. त्याने गर्दीकडे नजर टाकली. “इतकी वर्षं थांबलात. वेडे आहात.” तो जरा थांबला. “आम्हीही.”

आणि पहिला सूर पडला! तो आधी माझ्या बटणांत शिरला, मग शिवणींत, मग पुदिन्याच्या प्रत्येक टाक्यात. हेल्काच्या तोंडून एक आवाज निघाला, हसू आणि किंकाळी यांच्या मधला. तिला एकूण एक शब्द येत होता. बर्फातून एकटीने म्हटलेलं गाणं आज हजारो गळ्यांतून परत येत होतं, आणि सगळ्यांत मोठा गळा तिचा होता. दुसऱ्या कडव्याला मला जाणवलं की तिचे खांदे खाली आले आहेत. सैल, मोकळे, नाचणारे! मी त्यांच्यावर उडत होते. गाणं संपल्यावर तिने कुंपणाकडे पाहिलं, तर केर्त्तूने उन्नाला उंच धरलं होतं आणि ती हवेत पाय झाडत होती. हेल्काने दोन्ही हात वर केले आणि पुढच्या गाण्याला ती मंचाकडे वळली. नंतर मागे वळून पाहायची तिला आठवणच राहिली नाही.

यात्ताने माझ्या पाठीवर सणसणीत थाप मारली. “आता खरं!”

त्या थापेसारखा सन्मान मला पुन्हा मिळणार नाही. आता मी दारामागे नाही, दारासमोरच्या खुंटीवर असते. हेल्का मला घालून उन्नाला बागेत नेते. अजून ती बाळाच्या नाकाखाली बोट धरते, पण एकदाच.

मित्रांनो, आम्हा बंड्यांना धुऊ नका, एवढीच विनंती मी एरवी केली असती. आज वेगळं सांगते. कुणाच्या घरी नवं बाळ आलं की सगळे बाळाला बघायला जातात. तुमच्या ओळखीतही असेल एखादी ताई, मावशी, शेजारची काकू, जी पूर्वी गायची, हिंडायची, आणि हल्ली प्रत्येक गोष्टीला ‘पुढच्या वेळी’ म्हणते. आज संध्याकाळी तिचं दार वाजवा. बाळ झोपलं असलं तरी चालेल. तिला बघून या.