चौथ्या धड्यातला कठडा

ऑफिसात तिला सगळे मास्तरीण म्हणत. खडू तिने आयुष्यात हातात धरला नव्हता, पण कंपनीचं सॉफ्टवेअर अगदी कोऱ्या माणसाला शिकवायचे धडे ती लिहायची. हे सॉफ्टवेअर म्हणजे चित्रं काढायचंच, पण पेन्सिल न धरता. पडद्यावर ठोकळे मांडायचे, एका ठोकळ्यातून दुसऱ्यात तार ओढायची आणि स्लायडर सरकवून आकडे द्यायचे. एका ठोकळ्यात जिन्याची उंची, दुसऱ्यात पायऱ्या किती ते. तार जोडली की जिना उभा. आकडा बदलला की जिनाही बदलायचा. फर्निचरवाले, लोखंडी काम करणारे, घरांचे नकाशे काढणारे, सगळ्या जातीची माणसं ते वापरत, आणि त्यातल्या निम्म्यांनी श्रीगणेशा केलेला असायचा तो मास्तरणीच्या बारा धड्यांवर.

त्या मंगळवारी पावणेदहाला तिने मेल उघडला. आदल्या संध्याकाळी आला होता.

"नमस्कार मॅडम. माझं वेल्डिंगचं वर्कशॉप आहे. आजवर दुसऱ्यांनी काढून दिलेल्या नकाशावरच काम केलं. तुमच्या चौथ्या धड्यावरून पहिल्यांदा स्वतः कठडा काढला आणि बसवलासुद्धा. धडा जसाच्या तसा घेतला, एक आकडाही बदलला नाही. बालवाडीच्या पहिल्या मजल्याचा व्हरांडा आहे. उद्यापासून मुलं वर बसणार. तुमचे उपकार विसरणार नाही. फोटो जोडलाय."

ती आधी हसली. असे मेल आले की दिवस बरा जायचा. मग तिने तो पुन्हा वाचला आणि 'एक आकडाही बदलला नाही' या शब्दांवर थांबली.

चौथ्या धड्यातल्या कठड्याचे गज सोळा सेंटिमीटर अंतरावर होते. खऱ्या कठड्याला दहाच्या वर जायचं नसतं, हे तिला ठाऊक होतं. धडा लिहिताना तिने आधी दहाच धरले होते. पण दहा धरले की पानावरच्या छोट्या चित्रात गज एकमेकांना चिकटून नुसता काळा पट्टा दिसायचा. तिने स्लायडर सरकवत सरकवत सोळावर नेला. चित्र कसं स्वच्छ झालं. शिकायलाच तर आहे, याचा खरा कठडा कोण करणार, असं म्हणून ती पाचव्या धड्याकडे वळली होती.

फोटोत निळे गज होते, नुकतेच रंगवलेले. मागे भिंतीला लागून चपलांचं बुटकं कपाट, प्रत्येक कप्पा वीतभर. खाली कोपऱ्यात पाटीचा तुकडा आला होता, त्यावर बालवाडीचं नाव, पत्ता आणि फोन नंबर. तिने फोन लावला. घंटी वाजून वाजून बंद पडली. वेल्डरला मेल टाकला: "ताबडतोब फोन करा." खाली आपला नंबर दिला. पुन्हा बालवाडीला लावला. कोणी उचलेना.

विभागप्रमुख कॉफीचा कप घेऊन चालले होते. तिने त्यांना थांबवून सगळं सांगितलं.

"अहो, पण आपण तळटीप दिलीय ना?" ते म्हणाले. "उदाहरणं फक्त सरावासाठी म्हणून?"

"दिलीय. शेवटच्या पानावर."

"मग झालं तर. जबाबदारी त्याची. तुम्ही कशाला जीव टांगणीला लावून घेताय?"

"साहेब, तिथे तीन वर्षांची पोरं आहेत," ती म्हणाली आणि पर्स उचलून चालू पडली.

टॅक्सीवाल्याने पत्ता ऐकून मान हलवली. "पाऊण तास लागेल. पुलावर काम चाललंय."

ती मागे बसून दर दोन मिनिटांनी फोन लावत राहिली. मोठ्या माणसाला वाटतं, डोकं अडकेल, रडेल, तेल लावून काढू. तसं नसतं. कठड्याचा धडा लिहायच्या आधी तिने अपघातांबद्दल वाचलं होतं. लहान मूल आधी पाय बाहेर सोडून बसतं. मग पुढे सरकतं. कंबर निघते, पोट निघतं, छाती निघते. डोकं निघत नाही. मूल गजांत अडकलेल्या डोक्यावर लटकतं आणि त्याला ओरडताही येत नाही. हे वाचूनही तिने सोळा ठेवले होते.

आणि बाबा. बाबा तिचे पहिले वाचक. जन्मभर कारखान्यात लेथवर टर्नरचं काम केलेला माणूस, कॉम्प्युटरला हात लावायचा म्हटलं की आधी हात धुवून यायचा. बाबांना धडा जमला की कोणालाही जमेल, असा तिचा हिशेब. चौथ्या धड्याला बाबा थांबले होते. "गज लांब लांब नाही वाटत गं?" तिने मान वर न करता म्हटलं होतं, "बाबा, ते चित्रासाठी आहे. तुम्ही पुढची तार जोडा." बाबांनी जोडली होती.

पुलावर गाड्या मुंगीच्या पावलांनी सरकत होत्या. टॅक्सीवाला आरशातून बघून म्हणाला, "बाई, बरं नाही का वाटत? काच खाली करू?"

"नको. तुम्ही फक्त चला."

बालवाडी एका अरुंद रस्त्याच्या टोकाला होती. दुमजली, पिवळी. फाटकाला आतून कडी होती. हात घालून तिने ती काढली. अंगणात कोणी नव्हतं. वरून पोरांचा कलकलाट येत होता. ऑफिसच्या दारातून पन्नाशीच्या, चष्मा केसांत खोचलेल्या मोठ्या बाई बाहेर आल्या. त्याच ती बालवाडी चालवत होत्या.

"कोण हवंय? असं कडी काढून आत..."

"तुमचा फोन कोणी उचलत नाही."

"फोन वर न्यायचाय, वायर काढलीय. आज सगळं हलवतोय ना. पण तुम्ही कोण?"

"वरचा कठडा," ती म्हणाली. तिला दम लागला होता. "त्यातून मूल बाहेर येऊ शकतं. आधी पोरांना व्हरांड्यातून आत घ्या, मग मला काय विचारायचं ते विचारा."

मोठ्या बाईंनी तिला नखशिखान्त न्याहाळलं. "अहो, परवाच बसवलाय. मी स्वतः गदागदा हलवून बघितला. हत्तीने धडक दिली तरी..."

मास्तरीण ऐकत नव्हती. ती वर बघत होती. व्हरांड्याच्या टोकाला, वर्गाच्या दारापासून लांब, एक लहान मुलगी कठड्याला बसली होती. दोन्ही पाय बाहेर. पिवळे बूट हवेत हलत होते. एकाच फटीतून दोन्ही पाय, आणि फ्रॉक पोटापर्यंत वर सरकलेला. कंबर गजांच्या बाहेर आली होती.

मोठ्या बाईंनीही पाहिलं. त्यांच्या तोंडून आवाज निघणार एवढ्यात मास्तरणीने त्यांचा दंड घट्ट धरला.

"ओरडू नका. दचकली तर सरकेल. तुम्ही मागून जा. पळा, पण पावलं वाजवू नका. मी तिला बोलत ठेवते."

मोठ्या बाईंनी चपला तिथेच काढल्या आणि जिन्याकडे धावल्या.

मास्तरीण बरोबर मुलीच्या खाली जाऊन उभी राहिली. पडली तर झेलू, असं मनात म्हणाली. पण पडणार नाही, लटकेल, हेही तिला माहीत होतं. तिने आवाज सारखा केला. स्वतःचाच आवाज तिला दुसऱ्या कोणाचा तरी वाटला.

"काय गं, काय चाललंय वर?"

मुलीने खाली पाहिलं. "तू कोण?"

"मी पाहुणी. तुझे बूट छान आहेत."

"नवीन आहेत. ससा आहे त्याच्यावर."

"मला इथूनच दिसतोय."

"खोटं! ससा वरच्या बाजूला आहे. थांब, दाखवते." आणि ती बूट दाखवायला पुढे सरकली. पोट बाहेर आलं.

"नको नको, दाखवू नको! मी ओळखते. तू हलायचं नाही, हलली तर मी हरले. दोन्ही हातांनी गज धर बघू. घट्ट. हां. आता सांग, सशाला कान किती?"

"दोन."

"आणि शेपट्या?"

मुलगी विचारात पडली. "एक. छोटी."

"आणि पाय?"

"पाय..." मुलीने एक हात सोडला, बोटं मोजायला.

"हात नाही सोडायचा! मनात मोज, मनात!" तिचा आवाज फाटला. मुलीचा चेहरा बदलला. खालचा ओठ बाहेर आला. आता ही रडणार, रडताना अंग सैल सोडणार. वर्गाच्या दारातून अजून कोणी दिसत नव्हतं. जिना चढायला एवढा वेळ लागतो? मास्तरणीने दोन्ही हात वर केले, उगीचच; मधे बारा फूट हवा होती.

"मला नाही खेळायचं," मुलगी म्हणाली.

"बरं, नको खेळूया. मला गोष्ट सांग तू. सशाची."

"मला येत नाही."

"थोडीशी. सशाचं घर कुठे असतं?"

मुलगी वर आभाळाकडे बघू लागली. "जमिनीत," ती शेवटी म्हणाली. त्याच क्षणी तिच्या मागून दोन हात आले, काखेत घट्ट बसले आणि तिला अलगद मागे ओढू लागले. पोट आत गेलं. कंबर आत गेली. एक बूट गजाला अडकून निसटला आणि मास्तरणीच्या खांद्यावर आदळून खाली पडला. वर मोठ्या बाई पोरीला छातीशी धरून जमिनीवर बसल्या होत्या; पोरगी बुटासाठी भोकाड पसरून रडत होती.

मास्तरणीने वाकून बूट उचलला.

दहा मिनिटांत सगळी मुलं खालच्या वर्गात आली आणि वरच्या जिन्याला कुलूप लागलं. मोठ्या बाईंनी तिला पाणी आणून दिलं. तेव्हा कुठे तिने आपण कोण ते सांगितलं. आकडा कोणी लिहिला, का लिहिला, सगळं.

"चित्र नीट दिसावं म्हणून?" बाईंनी विचारलं.

"हो."

"आणि मी हलवून बघितला," बाई स्वतःशीच म्हणाल्या. "फटीकडे बघायचं सुचलंच नाही मला."

वेल्डर साडेबाराला आला. त्याने मेल तेव्हाच पाहिला होता. आडवा बांधा, हातावर जुन्या ठिणग्यांचे डाग. मास्तरणीने अंगणातून बोट दाखवून मुलगी कुठे बसली होती ते सांगितलं, तसा तो तिथपर्यंत चालत गेला आणि वरच्या फटीकडे बघत राहिला.

"मॅडम, मी विचारायला हवं होतं," तो म्हणाला. "खिडक्या, फाटकं, एवढंच केलंय मी. गज बसवताना एकदा मनात आलं, जरा रुंद वाटतंय. पण म्हटलं, पुस्तकात आहे म्हणजे विचार करूनच लिहिलं असणार."

तिला तोंड वर करवेना. "विचार केला होता," ती म्हणाली. "चित्राचा."

तो त्याच दुपारी गज घेऊन आला. प्रत्येक फटीत मधोमध एक. ती टेप धरून बसली आणि प्रत्येक नवी फट मोजत गेली: साडेसात, साडेसात, सात. ठिणग्या उडत होत्या तेव्हाही ती हलली नाही. पाच वाजता शेवटचा टाका पडला. वेल्डरने आपली मूठ एकेका फटीशी लावत सगळा व्हरांडा पालथा घातला. मग पुन्हा पहिल्यापासून.

घरी गेल्यावर तिने बाबांना सांगितलं. ते म्हणतील, मी बोललो होतो, असं तिला वाटलं होतं. ते म्हणाले, "मी एकदाच बोललो आणि गप्प बसलो. कारखान्यात असा गप्प बसलो असतो तर कोणाची तरी बोटं गेली असती."

दुसऱ्या दिवशी तिने धडा दुरुस्त केला. दहा सेंटिमीटर, आणि स्लायडर दहाच्या पुढे जाणारच नाही, अशी सोय. चित्रात काळा पट्टा दिसू लागला, तो तिने तसाच ठेवला. पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत लिहिलं: "चौथ्या धड्यात गजांमधलं अंतर सोळा दिलं होतं. ते चुकीचं आणि जिवाला धोकादायक आहे. चूक माझी. यावरून कोणी खरा कठडा केला असेल तर आजच टेप घेऊन मोजा आणि मला कळवा."

विभागप्रमुखांनी ते वाचून चष्मा काढला. "'सुधारणा केली आहे' एवढंच लिहू या. 'चुकीचं', 'धोकादायक' कशाला? लोक घाबरतील."

"घाबरायलाच हवेत," ती म्हणाली. "साहेब, हा धडा किती जणांनी उतरवून घेतलाय, ठाऊक आहे? अकरा हजार. त्यातला एक मला कळला, कारण त्याला आभार मानायचे होते."

त्यांनी चष्मा पुन्हा घातला, ते पान पुन्हा वाचलं आणि खाली सही केली.

पहिल्या आठवड्यात एकोणीस उत्तरं आली. चौदा जणांनी नुसता सराव केला होता. चार जणांनी अंतर स्वतःहून कमी केलं होतं, आणि त्यांतल्या एकाने तर तिला चार शब्द सुनावले होते. एकोणिसावा मेल तिसऱ्या मजल्यावरच्या एका गॅलरीचा होता. फोटोत टेप ताणून धरलेली, आकडा स्पष्ट: सोळा. "घरात लहान कोणी नाही. पण बहीण पुढल्या शनिवारी बाळाला घेऊन येतेय. त्याआधी करून घेतो."

"झाल्यावर फोटो नक्की पाठवा," तिने लिहिलं.

बुधवार गेला, गुरुवार गेला. शुक्रवारी ती मेल उघडायच्या आधी दोन मिनिटं नुसती पडद्याकडे बघत बसली. फोटो आला नव्हता. तिने पुन्हा लिहिलं. संध्याकाळी सहाला, सगळे घरी निघाले तेव्हा, तो आला: मध्ये नवे गज, अजून रंग न दिलेले, आणि टेपवर सात.

तिने वहीत त्याच्यापुढे खूण केली. खाली धडा उतरवून घेतलेल्या अकरा हजारांपैकी उरलेल्यांचा नुसता आकडा होता, नावं नव्हती. मग तिने पर्स खाली ठेवली, खुर्ची पुढे ओढली आणि नुकताच आलेला पुढचा मेल उघडला.