केबल निवडेपर्यंत

तिने सुरीने तारेचं टोक खरवडलं. तांबूस रंग सुटला आणि खाली पांढरट धातू दिसला.

“हे अ‍ॅल्युमिनियम आहे,” ती म्हणाली.

वायरमन शिडीवरून उतरला. वरून मुलामा तांब्याचाच असतो, निम्म्या घरांतून आम्ही हीच केबल टाकतो, आजवर कुणाची तक्रार नाही, असं तो सांगू लागला. तिने केबलची पेटी बंद केली आणि पायानेच त्याच्याकडे सरकवली.

केबल तिच्या मोठ्या भावाने पसंत केली होती. तो खिडकीपाशी उभा राहून ऐकत होता. वडील जाऊन दीड महिना झाला होता. यापुढे आई या घरात एकटी राहणार, तेव्हा तिच्या खोलीत कॅमेरा बसवायचा, आणि या वेळी वायफायच्या भरवशावर न राहता भिंतीतून केबल ओढायची, एवढ्या एकाच गोष्टीवर भावाबहिणीचं एकमत होतं.

“मागच्यासारखंच करायचं ठरवलंयस का, दादा?”

“मागे काय केलं मी?”

“स्वस्तातलं.”

वडिलांच्या खोलीतला कॅमेरा त्यानेच बसवला होता. तो रोज दुपारी बंद पडायचा. ऑफिसात जेवता जेवता ती फोन उघडायची, तर वडिलांच्या जागी काळा चौकोन. भिंती जाड, सिग्नल पोचत नाही, असं दोघांनी ठरवून टाकलं. केबल टाकायची ठरली. कोणती, ते ती बघणार होती. वाचल्याशिवाय ती साधी बादलीसुद्धा आणत नसे. पाच नंबरची की सहा, आवरणाची की बिनआवरणाची, विजेच्या तारेपासून किती लांब, असं तीन आठवडे तिचं वाचन चाललं. तिसऱ्या आठवड्यात, आई डोळे तपासायला गेली असताना, वडील बाथरूमच्या दारात पडले. दोन तास पडून होते, त्यातच गेले. त्या दुपारीही तिने काळा चौकोन पाहिला होता, आणि फोन ठेवून पुन्हा केबलचंच वाचायला घेतलं होतं.

“नवरा पसंत करायला तुला चार दिवस पुरले,” भाऊ खालच्या आवाजात म्हणाला. “तारेला तीन आठवडे.”

वायरमनला एकाएकी पिशवीत काहीतरी शोधायचं आठवलं.

“त्या तीन आठवड्यांत तू एकदा तरी आलास का इथे? उंटावरून शेळ्या हाकायला काय लागतं?”

भावाने पेटी काखेत मारली, चपला सरकवल्या. त्याच्या मागे दार आपटलं.

ती वायरमनला घेऊन आईच्या खोलीत गेली. आई पलंगावर बसून उशांच्या अभ्र्यांच्या घड्या घालत होती. लेकीने वायरमनला कॅमेऱ्यासाठीचा कोपरा दाखवला. तिथून पलंग दिसला पाहिजे आणि बाथरूमचं दारही. आईने मान वर केली, वायरमनला बाहेर जाऊन जरा पाणी प्यायला सांगितलं, आणि तो जाईपर्यंत थांबली.

“मी बंद करीन तो.”

“आता नाही बंद पडणार, आई. या वेळी केबल आहे.”

“पडायचा नाही. मी करीन म्हणतेय. ह्यांचाही मीच करायची.”

आईने पुढचा अभ्रा उचलला. जेवण झालं की ते म्हणायचे, पोरांना आता आपापली कामं करू देत. मग आई बटण दाबायची. चारला उठले की पुन्हा चालू करायची.

“झोपलेल्या माणसाकडे कुणी बघत बसू नये म्हणायचे.”

“रोज?”

“रोज.”

“आणि त्या दिवशी?”

आईने अभ्र्याची कड कडेशी जुळवली. “जाताना मीच बंद केला.”

दीड महिना. दीड महिना तिने आणि भावाने एकमेकांचं तोंड पाहणं टाकलं होतं, फोनवरून नको नको ते बोलले होते.

“आम्ही एकमेकांच्या जिवावर उठलो होतो. तू ऐकत होतीस?”

“ऐकत होते.” आईने हाताने घडी दाबून बसवली. “तुम्ही भांडत होतात, तोवर मला कुणी काही विचारत नव्हतं.”

तिने अभ्र्यांचा गठ्ठा आईच्या पुढ्यातून ओढला, कपाटात कोंबला आणि दार इतक्या जोरात लावलं की ते उलटून पुन्हा उघडलं. आई जागची हलली नाही.

भाऊ परतला तेव्हा घामाघूम झाला होता. त्याने नवी पेटी खुर्चीवर टाकली. “घे. आरपार तांबं आहे. आणखी काही हुकूम?”

“पॉइंट बैठकीत काढा,” तिने वायरमनला सांगितलं. “आईच्या खोलीत नको.”

“म्हणजे? एवढा तमाशा करून?”

“आईला नकोय.”

“आईला काय विचारायचंय त्यात? उद्या काही झालं तर? मागे तुझ्या निवडानिवडीपायी...” तो मधेच थांबला.

आई दारात येऊन उभी होती. हात पदराला पुसत होती. बोलण्यासाठी तिने श्वास घेतला.

“हो,” ती आईच्या आधी बोलली. “उशीर माझ्यामुळेच झाला, दादा.”

भावाला या उत्तराची सवय नव्हती. तो खुर्चीवरच्या पेटीकडे पाहत राहिला. वायरमनने विचारलं, मशीन लावू का, धूळ उडेल.

“लावा,” ती म्हणाली. तिने आईला दंडाला धरून आत सारलं, गरजेपेक्षा जरा जोरातच, आणि बाहेरून दार ओढून घेतलं.