पहिलं अक्षर

ऑल्डनच्या आमच्या बेसबॉल संघाला शंभर वर्षं झाली, म्हणून गावाने मतं देऊन आजवरचा सर्वांत लाडका खेळाडू निवडला. निवडला कुणाला, तर माझ्या नवऱ्याला, स्टूला! पत्र आलं तेव्हा मी ते तीनदा वाचलं.

एकोणऐंशी सालच्या अंतिम सामन्यात स्टूच्या हातून सोपा झेल सुटला आणि आम्ही हरलो. सगळं मैदान 'बूऽऽ' करत त्याची हुर्यो उडवत होतं. घरी आल्यावर मी थाप मारली, "वेड्या, ते तुझं नाव घेत होते. स्टूऽऽ!" त्याला ते पटलं, असं मला वाटलं. पुढे नऊ वर्षं तो इथेच खेळला.

आज मैदानाच्या कडेला उभी राहून मी गर्दी न्याहाळत होते. या मेल्यांनी थट्टा म्हणून तर मतं दिली नसतील?

"चल, घरी जाऊ. मला बरं वाटत नाही."

"गप गं. दाढी केलीय मी."

नाव पुकारलं. माझा हात धरून तो पुढे गेला. चार हजार माणसं उठली आणि एकच आवाज घुमू लागला, "ऊऽऽ! ऊऽऽ!" पहिलं अक्षर गोंगाटात हरवत होतं.

स्टू माझ्याकडे वाकला. "डोरीन, तेव्हा माझे कान धड होते. ते 'बू'च होतं. आता नीट ऐकू येत नाही. या खेपेला खरं सांग."

मी पहिल्या रांगेकडे पाहिलं. 'बू' म्हणायला आधी ओठ मिटावे लागतात. एकाचेही मिटत नव्हते.